कोठारवाले की रानवाले

फेब्रुवारी संपत आला की नाशिकची हवा दुतोंडी होते. सकाळी स्वेटर घालून निघालेली माणसं दुपारी तोच स्वेटर स्कूटरच्या डिकीत कोंबून घामेजल्या चेहऱ्यानं परत येतात. रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे खोके मांडून बसलेले लोक "आधी खाऊन बघा, मग घ्या" म्हणत तळहातावर दोन मणी ठेवतात. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजायला लागतात. घरोघरी फ्रिजवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटतं आणि टीव्हीचा रिमोट कपाटात जातो. लोक उन्हाळ्याला शिव्या घालतात, मला मात्र हे वीस-पंचवीस दिवसच सोसत नाहीत. उगाच चिडचिड होते, जेवताना मीठ कमी लागतं, वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतो. बायको म्हणते, "आला वाटतं तुमचा फेब्रुवारी."

यंदा त्यात लेकीनं भर घातली. मुक्ता पाचवीत आहे. भूगोलाचे दोन धडे वाचून झाले की अर्धा तास लॅपटॉपवर गेम, असा तिचा तिच्या आईशी करार आहे. परवा तिनं हाक मारली, "बाबा, इकडे या ना. मला ठरवताच येत नाहीये." पडद्यावर एक वाट होती, वाटेच्या दोन्ही अंगांना दोन छावण्या, आणि मधोमध तलवार घेऊन मुक्ताची योद्धी उभी होती. "हे म्हणतात, पूल तोडा, नाहीतर शत्रू आत येईल. ते म्हणतात, पूल तोडला तर पलीकडची माणसं तिकडेच मरतील. दोघंही खरंच बोलतायत. मग यातलं वाईट कोण?"

"आधी सेव्ह केलंस का?" मी विचारलं.

"ते आपोआप होतं हो!" ती हसली. "तुम्ही खेळायचात ना लहानपणी असे गेम? तुम्ही कोणाच्या बाजूनं जायचात?"

"रानवाल्यांच्या," मी म्हणालो, आणि चहा गार होतोय असं सांगून स्वयंपाकघरात निघून गेलो. चहा तेव्हा अजून ठेवलेलासुद्धा नव्हता.

आम्ही तेव्हा सातपूरला राहायचो, कामगारांच्या वसाहतीत. घराला घर लागून. एका घरात फोडणी पडली की चार घरं शिंकायची. माझे वडील, म्हणजे अण्णा, जवळच्याच एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. शेजारी खैरनार काका. तेही त्याच कारखान्यात, अण्णांच्या शेजारच्याच मशीनवर. दोघं एकाच मोटारसायकलवरून पहिल्या पाळीला जायचे आणि दोघांच्या शर्टांना मशीनच्या तेलाचा सारखाच वास यायचा. खैरनार काका-काकू सटाण्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे. आमचं मूळ गाव नाशिकच्या वेशीवरचं, भाजी आणि फुलं पिकवणारं. त्यांचा हेमंत माझ्याच वर्गात होता, नववीत. आणि हेमंतकडे कॉम्प्युटर होता.

त्या कॉम्प्युटरवर, कुणाकडून तरी उतरवून आणलेल्या दोन सीड्यांमध्ये, एक अख्खं राज्य राहत होतं. डोंगर, नद्या, भुतं, जडीबुटी विकणारे बैरागी, सगळं. गेम इंग्रजीत आणि आम्ही मराठी शाळेतले, त्यामुळे मांडीवर डिक्शनरी घेऊन राक्षस मारणारे जगात आम्ही दोघंच असू. आमच्या वीराचं नाव होतं हेमसू. हेमंतमधला हेम आणि सुधीरमधला सू. एक जण माऊस धरायचा, दुसरा शब्द शोधायचा, आणि दर अर्ध्या तासानं जागा बदलायच्या.

त्या राज्यातली राणी मेलेली होती आणि दुष्काळ पडला होता. किल्ल्यावर एक गट धान्याचं कोठार धरून बसला होता. त्यांचं म्हणणं, हे बियाणं आहे, आज खाल्लं तर पुढच्या साली पेरायला काही उरणार नाही, कळ काढा. रानात दुसरा गट होता. त्यांचं म्हणणं, माणसं आज मरतायत, पुढचं साल बघायला राहणार कोण, कोठार फोडा. इंग्रजीतली त्यांची भारदस्त नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही सरळ बारसं करून टाकलं: कोठारवाले आणि रानवाले. हेमंतला कोठारवाल्यांचं पटायचं. मला रानवाल्यांचं. यावरून आम्ही शाळेतून येता-जाता एवढे भांडायचो की एकदा वर्गशिक्षकांनी, "कोणतं रान? कुणाचं कोठार?" असं विचारून दोघांना बाकावर उभं केलं होतं.

पण खेळताना आम्ही भांडत नव्हतो, कारण आम्ही निवडतच नव्हतो. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असायचे, कुठल्या गटाचा तुमच्यावर किती विश्वास आहे ते सांगणारे. एकाचं काम केलं की त्याचा आकडा चढायचा. आम्ही किल्ल्यावर एक निरोप पोचवला की लगेच रानात जाऊन एक जखमी माणूस वाचवायचो. भाजीवाली तागडी सारखी करते तसे आकडे सारखे ठेवायचो. कारण केव्हातरी एक दार निवडावंच लागणार होतं, आणि एक उघडलं की दुसरं कायमचं बंद. म्हणून मग आमचा हेमसू, एवढा तगडा, नाव ऐकून ड्रॅगननं पळावं असा गडी, महिनोन्‌महिने नदीकाठी पाला गोळा करत फिरत होता. आमचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं आणि त्यात आम्ही अतिशय सुखी होतो.

आणखी एक सोय होती. एखादं वाईट काम करून बघायचं असलं की आधी सेव्ह करायचं. मग आंधळ्या म्हाताऱ्याची पिशवी चोरायची, तो काय बोलतो ते डिक्शनरीतून वाचायचं, दोघांनी एकमेकांकडे बघायचं, आणि पुन्हा मागं जायचं. म्हाताऱ्याला काही आठवत नसायचं. पाप चाखून बघायचं आणि तोंड धुऊन परत यायचं. त्या वयात हे मिळालं, ते चांगलं झालं की वाईट, अजून मला कळलेलं नाही.

त्याच वर्षी संक्रांतीनंतर कारखान्यात संप झाला. कारखान्यात दोन युनियन होत्या. जुनी म्हणत होती, कळ काढा, आज मालक देतोय त्यावर सही केली तर पुढची दहा वर्षं हात चोळत बसाल. नवी म्हणत होती, घरात चुली विझायला आल्यात, मिळतंय ते घ्या आणि कामावर चला. अण्णा जुन्या युनियनमध्ये. खैरनार काका नव्या. गंमत बघा, गेममध्ये आम्ही पोरं नेमकी उलट्या बाजूंना होतो. तेव्हा ही गंमत आमच्या लक्षात आली नाही. आमच्यासाठी एक खेळ होता आणि दुसरी मोठ्यांची कटकट होती.

कारखान्याच्या गेटसमोर मांडव पडला. अण्णा सकाळी डबा घेऊन तिकडे जाऊन बसायचे. वसाहत बघता बघता उभी फाटली. एका नळावर पाणी भरणाऱ्या बायका वेगवेगळ्या वेळा धरायला लागल्या. मैदानावर पोरांच्या क्रिकेटच्या टीमसुद्धा बापांच्या युनियनप्रमाणे पडल्या, आणि मोटारसायकल खैरनार काकांची असल्यामुळे अण्णा चालत जाऊ लागले. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "आजपासनं खैरनारकडं जायचं नाय. माणूस वाईट नाय तो. पण जायचं नाय."

मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून लायब्ररीत जातो असं सांगून मागच्या बोळातून हेमंतकडे जायला लागलो.

आईला हे ठाऊक होतं. तिची अडचण वेगळी होती. संपाच्या आधी काकूनं वाटीभर आमटी दिली होती आणि ती स्टीलची वाटी, तिच्यावर कोरलेल्या खैरनारांच्या नावासकट, आमच्या फळीवर पडून होती. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते. आणि भरून परत करावी तर जुन्या युनियनच्या घरातून नव्या युनियनच्या घरात पदार्थ गेला अशी बोंब. आई रोज ती वाटी घासायची आणि परत फळीवर ठेवायची. शेवटी एका रविवारी गावाकडून द्राक्षं आली. अण्णा मांडवात गेलेले बघून तिनं वाटी द्राक्षांनी भरली, वर रुमाल टाकला आणि म्हणाली, "जा मागच्या दारानं. आणि काकूला म्हणावं, उशीर झाला."

काकूनं रुमाल उचलला, द्राक्षं बघितली आणि डोळ्यांना पदर लावला. नुसतं म्हणाली, "काय करी राहिनी रे तुनी माय?" बरी आहे, असं मी सांगितलं. मग मी आणि हेमंत कॉम्प्युटरसमोर बसलो.

आमच्याकडे तेव्हा ठरल्या वेळी लाइट जायची. दुपारी बाराला गेली की तीनला येणार. त्यामुळे बाराला पाच कमी असताना, मग लढाईच्या ऐन मध्यावर का असेना, सेव्ह करायचंच असा आमचा नेम होता. त्या दिवशी पाला संपला होता. दोन्हीकडची सगळी बारीकसारीक कामं संपली होती. नदीकाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "उद्या दार निवडू," हेमंत म्हणाला. आम्ही सेव्ह केलं आणि लाइट गेली.

पंखा थांबला. गेमचं संगीत थांबलं. कॉम्प्युटरची घरघर थांबली. आणि दाराच्या पडद्यापलीकडच्या खोलीतलं, इतका वेळ त्या आवाजात बुडालेलं बोलणं एकदम स्वच्छ ऐकू आलं. खैरनार काका आणि आणखी तिघं-चौघं होते. "उद्या सकाळी सहाला. पुढच्या गेटला नाही, मागच्या. पिंपळगावचा कांद्याचा टेम्पो ठरवलाय. मागं गोण्या लावायच्या, वर ताडपत्री. आत पंचवीस माणूस बसतं. एकदा मशीन सुरू झाल्या की संप संपला."

हेमंतनं माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस?" तो हळूच म्हणाला.

"काय?" मी म्हणालो.

"काही नाही." त्यानं माऊस बाजूला सरकवला. "उद्या येशील ना?"

"येईन की."

घरी आलो तर अण्णा, रविवारी डबा नेत नसल्यामुळे, जेवायला आले होते. चाळीस-बेचाळीस दिवस उन्हात बसून काळवंडले होते, गालफडं वर आली होती. मी समोर ताटावर बसलो. माझ्या जिभेच्या टोकावर एक वाक्य होतं. ते बोललं असतं तर अण्णांनी ताट सरकवून धाव घेतली असती, मागच्या गेटवर दोनशे माणसं उभी राहिली असती आणि टेम्पो आत गेला नसता. अण्णांनी मला भाकरी वाढली आणि म्हणाले, "बाळा, तुझं बरं चाललंय ना? या भानगडीत तुझ्या अभ्यासाकडं बघाया जमंना मला."

"बरं चाललंय," मी म्हणालो, आणि भाकरी आमटीत कुस्करली.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास, संप सुरू झाल्यापासून बंद असलेला कारखान्याचा भोंगा वाजला. सगळ्या वसाहतीनं तो ऐकला. कुणी दारात आलं, कुणी गच्चीवर. आई हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिली. कुणी काही सांगायची गरज नव्हती. आठवड्याभरात संप मोडला. माफीच्या कागदावर सही करून एकेक जण आत गेला. दहा-बारा जणांनी सही केली नाही, त्यांत अण्णा होते. मे महिन्यात आम्ही सातपूर सोडून गावी गेलो. वीस वर्षं लोखंड कातलेला माणूस फुलांच्या वावरात उतरला. कधी कधी झाड लावायच्या आधी ते जमिनीवर दोन बोटांनी अंतर मोजत बसायचे, मशीनवर मोजावं तसं.

पण ते नंतरचं. भोंगा वाजला त्या दिवशी दुपारी तीनला, लाइट आल्यावर, मी हेमंतकडे गेलो. होय, गेलो. घरात आई रडत होती आणि मी गेलो. हेमंतनं कॉम्प्युटर लावला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि माऊस माझ्या हातात दिला. "रानवाल्यांचं दार उघड," तो म्हणाला. कोठारवाल्यांसाठी वर्षभर माझ्याशी भांडलेला हेमंत! ते काय होतं हे मला तेव्हाच कळलं. ते बक्षीस होतं. मी ते घेतलं. रानातलं दार उघडलं, मशाली पेटल्या, मोठं सुंदर संगीत वाजलं, आणि कोपऱ्यातला एक आकडा सरसर चढत गेला, दुसरा शून्यावर आला. अंगावर काटा आला माझ्या. मला मजा वाटली, हे मी लपवणार नाही.

हेमंत आता गुजरातेत असतो. दिवाळीला त्याचा फोन येतो, आम्ही मुलांच्या शाळांबद्दल बोलतो. चांगला माणूस आहे. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो की मी मित्रासाठी गप्प बसलो. मैत्रीसाठी बापाशी खोटं बोललेला पोरगा, ऐकायला बरं वाटतं. पुढं नोकरी लागल्यावर, चार माणसांत बोलायला शिकल्यावर, त्यात आणखी एक शहाणपण घातलं: मी रक्तपात टाळला. दगड, काठ्या, पोलीस, सगळं माझ्या एका गप्प बसण्यानं टळलं. पण हा फेब्रुवारी मोठा वाईट. तो आला की ते ताट आठवतं, ती भाकरी आठवते, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही आठवतं. हेमंत नव्हता. रक्तपात तर नव्हताच. मी सांगितलं तर उद्या दार उघडायला मिळणार नाही, एवढंच होतं. चौदा वर्षांच्या माझ्यासाठी एका बाजूला अण्णांची नोकरी होती आणि दुसऱ्या बाजूला सेव्ह केलेला गेम. मी गेम निवडला.

परवाच्या त्या खोट्या चहानंतर मी मुक्ताजवळ परत गेलो. तिनं अजून पूल तोडला नव्हता की राखला नव्हता. मी म्हटलं, "नसेल ठरत तर राहू दे की. दुसरीकडे फिर."

"नाही चालत बाबा," ती म्हणाली. "तसं केलं तर शत्रू येतोच. काहीच नाही केलं, तर तेच निवडलं असं धरतात."

त्या रविवारी मी गावी गेलो. अण्णा आता सत्तरीला आलेत. सकाळच्या उन्हात झेंडू तोडत होते. पाठ दुखते, गुडघे कुरकुरतात, पण मजुराला तोडता येत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. मी पाटी घेतली आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत वाकलो. दोघांची तोंडं जमिनीकडे होती, म्हणून बोलता आलं. लाइट गेली, आवाज थांबले, टेम्पो, गोण्या, सहाची वेळ, भाकरी, सगळं सांगितलं. गेमचंही सांगितलं. लाज वाटत होती तरी सांगितलं. अण्णांचे हात थांबले नाहीत. फूल, देठ, पाटी. फूल, देठ, पाटी.

मी घाईनं म्हणालो, "पण सांगितलं असतं तर मारामारी झाली असती अण्णा. तुम्ही सगळ्यांत पुढं असता. कुणाचं डोकं फुटलं असतं, तुम्हाला आत टाकलं असतं." हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

अण्णांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"झाली असती," ते म्हणाले. "लय मोठी झाली असती. आन खैरनार मुहरं बसलेला असता, डायवरच्या शेजारी. मला ठावं हाय तो. मागं लपणारा नव्हता तो." त्यांनी हातातलं फूल पाटीत टाकलं. "माझ्या हातात दगड असता. खरंय तुझं."

मला सुटल्यासारखं वाटलं. जेमतेम एक श्वास घेईपर्यंत.

"पण मारायचा का टाकून द्यायचा," अण्णा म्हणाले, "हे माझं मी ठरवलं असतं ना रे. त्या टायमाला तेवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. त्येबी तूच ठरवलंस."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते पुन्हा वाकले, आणि मी पाटी धरून तिथंच उभा राहिलो.